ज्ञानूचं नाव शेवटी

बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर
एप्रिल २०२४

प्रिय ज्ञानू,

हातात फोन असताना तात्या पत्र का लिहायलेत, असं म्हणशील. अगं, फोन लावला की तुझी आई कान देऊन शेजारी बसती. बोलत तर ती तुझ्याशी नाहीच. दिवाळीत तू तोंड उघडून दाखव म्हणून तिच्या मागं लागलीस, तिनं दाखवलं नाही, आणि तू रागानं तिची मिसरीची डबी मोरीत उपडी केलीस. तेव्हापासून रुसवा कायम आहे आणि मिसरीही कायम आहे. सकाळी तव्यावर तंबाखू भाजायला घेतली की सगळ्या गल्लीला ठसका लागतो. पोरगी बेंगळुरूला बसून मिसरीनं तोंडाचा कॅन्सर होतो म्हणून निबंधावर निबंध छापती, आणि आई इथं तीच मिसरी बोटावर घेऊन दात घासती! आताशा ठेचाही ताटात घेत नाही, भाकरी दुधात कुस्करून खाती. दाढ दुखती म्हणती.

असो. आधी तुझ्या नव्या निबंधाचं सांगतो. तू मोबाइलवर पाठवलास तो मी चौकातल्या फ्लेक्सवाल्या तौफिककडून कागदावर काढून घेतला. आतलं इंग्रजी मला कळत नाही, पण नावं लागतात वाचायला. बघतो तर तुझं नाव सगळ्यात शेवटी! माझं डोकंच फिरलं. आपल्या घरच्या लग्नात तुझ्या कडुबामामाचं नाव पत्रिकेत एक ओळ खाली गेलं, तर गडी मांडवात जेवला नव्हता. आणि इथं माझ्या पोरीला ढकलत ढकलत पार तळाला नेलं, जिथं पत्रिकेत चिल्लीपिल्ली ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ म्हणत असतात. पहिल्या निबंधात तू तिसरी होतीस, मग शिकून शिकून खालीच चाललीस की काय? तुझ्या साहेबाचा नंबर मागितला तो मी भांडायलाच मागितला होता. तू हसत सुटलीस. शेवटचं नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं असतं तात्या, म्हणालीस, आणि आता ती प्रमुख मी आहे. त्या दिवशी मी दोनदा चहा घेतला आणि तुझ्या आईनंही काही कुरकुर केली नाही.

मग तू ते दाखल्यांचं सांगितलंस. तुझ्या जुन्या निबंधाचा दाखला जगातल्या चारशेच्या वर निबंधांनी दिलाय, सायटेशन म्हणतात त्याला. एकानं तर तुझं चुकलंय हे सांगायलाच तुझा दाखला दिला, तरी तो मोजणीत धरतात. लई भारी रीत आहे तुमची! तसं असेल तर तुझ्या आईनं जेवढे माझे दाखले दिलेत तेवढे जगात कुणाचेच दिले नसतील.

ही बातमी मी शेजारच्या काकासाहेबाला सांगून बसलो. त्याला ग्रामपंचायतीला उभं राहायचंय, त्यामुळं तो निमित्तच शोधत असतो. दुसऱ्या दिवशी चौकात हे एवढं फ्लेक्स: ‘आमच्या भगिनी डॉ. ज्ञानेश्वरी यांना चारशे शास्त्रज्ञांचा जाहीर पाठिंबा!’ त्यावर तुझा बारावीतला फोटो, आणि त्याच्या दुप्पट काकासाहेबाचा. लोक मला विचारायले, ज्ञानू कोणत्या वॉर्डातून उभी राहिली?

यंदा पाण्याचे हाल तुला ठाऊकच आहेत. सिल्लोडकडं विहिरींनी तळ गाठला, कडुबामामा मेंढरं घेऊन गोदाकाठाला उतरलाय. इथं तू सायकलवर क्लासला जायचीस त्या माळावर सात-सात मजले उभे राहिले, नळाला मात्र पाणी नाही. टँकर येतो तो नेमका त्या फ्लेक्सखाली थांबतो, म्हणून रांगेतल्या बायांना वाचायला सारखी तूच. परवा मागच्या गल्लीतल्या चतुराबाईनं तुझ्या आईला हटकलंच, की दगडाबाई, मिसरीनं कॅन्सर होतो असं तुझी लेक लिहिती म्हणं, खरं हाय का? मी पाइप धरून उभा होतो. म्हटलं, आता ही नेहमीचं सुरू करणार, माझी सासू मिसरी लावून म्हातारी झाली, तिला काय झालं नाय. पण बाईनं हंडा खाली ठेवला अन् म्हणाली, व्हय, खरं हाय. माझ्या ज्ञानूनं बघून लिहिलंय, ती उगं लिहायची नाय. सगळ्या रांगेनं ऐकलं. ज्ञानू, तुझ्या चारशेत हाही एक धर. माझे डोळे भरून आले, पाइप हंड्याबाहेर गेला आणि पाणी सांडलं म्हणून बायांनी मला नाही नाही ते ऐकवलं.

घरी आल्यावर तिनं डबी माझ्या हातात दिली आणि मोबाइलची बॅटरी लावून तोंडात बघा म्हणाली. गालाच्या आतून पांढरा चट्टा आहे पोरी, तुरीच्या डाळीएवढा. दाढ दुखत नव्हतीच, तिखट झोंबत होतं. दिवाळीत तुला तो दिसेल याच भीतीनं ती तोंड मिटून होती, रुसवा वगैरे सगळं वरवरचं. शहरात छावणी भागातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आलात, घाबरण्यासारखं वाटत नाही, पण तुकडा काढून तपासावा लागेल. यावर तुझ्या आईनं काय म्हणावं? तुकडा माझी पोरगीच काढील! मी समजावलं, आपली ज्ञानू भिंगाखाली बघणारी डॉक्टर, कापणारी नव्हे. मग म्हणती, माझा तुकडा ज्या निबंधात जाईल त्यात माझं नाव टाका, अन् शेवटी टाका, ज्ञानूच्या बी खाली. त्यात बायांची नावं नसतात, नुसते नंबर असतात असं मी सांगितलं. फोनवर तुला सांगायचं नाही अशी तिनं मला शपथ घातलीय. पत्राची घातली नाही, म्हणून हे लिहितोय. तारीख अजून घेतलेली नाही, तू येशील ती घेऊ. कारण रात्री ताटं उचलता उचलता ती मला हळूच म्हणाली, कापता येत नाय तर नाय, हात धराया तर येईल ना ती?

तुझी वाट बघणारा, तुझाच,
तात्या