अक्षता परत मुठीत

पुणे,
१० नोव्हेंबर २०२४

ती. सौ. साळूआत्या हिस,
स्नेहलचा शि. सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवायची पद्धत. तुझ्याशी बोललेलं गोठ्यापर्यंत ऐकू जातं. म्हणून पत्र.

नारायणगावच्या तुळशीदासकाकांनी लग्नाच्या शूटिंगचं दुकान बंद केलं आणि जुन्या कॅसेटींचं पोतं मला देऊन टाकलं. भंगारवालाही घेत नव्हता म्हणे. माझं काम तुला माहीत आहे. लोकांनी टाकून दिलेलं चित्रण घ्यायचं, त्याचे तुकडे करायचे आणि ते तालावर जोडायचे. त्यात गोष्ट नसते. एकच हालचाल जात्यासारखी फिरत राहते आणि बघणाऱ्याला हळूहळू काहीतरी दिसायला लागतं. बाबा अजून गावात सांगतात की पोरगी लग्नाच्या ऑर्डरी घेते.

तर त्या पोत्यात तुझं लग्न निघालं. घोडेगावचा आपला मांडव, आजी, आणि तुझा पदर धरून उभी असलेली पाच वर्षांची मी. मी ते उलटं चालवलंय. तुमच्या डोक्यावरच्या अक्षता उडून लोकांच्या मुठीत परत जातात. तू जीपमधून उतरतेस, मागे मागे चालत आजीजवळ येतेस, मग पुन्हा जीपमध्ये, पुन्हा आजीजवळ. खाली फक्त हलगी. जानेवारीत पुण्यात दाखवणार आहे आणि सगळी फिल्म या तुकड्यावर उभी आहे. पण तू नको म्हणालीस तर दाखवणार नाही.

मामांना आणि तुझ्या सासूबाईंना, चिमाआजींना, नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
स्नेहल

राजुरी,
१८ नोव्हेंबर

चि. स्नेहल हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमनने आधी विचारलं की कोर्टाचं काही आहे का. हल्ली साधं पत्र कुणाला येतच नाही.

बाई गं, अक्षता कधी कुणी परत घेतात का? टाकल्या की टाकल्या. त्यात माझ्या लेकीचं, आरतीचं लग्न फेब्रुवारीत धरलंय. मुलगा चाकणला कंपनीत आहे, माणसं बरी आहेत. तिचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू आहे, पण पावणं म्हणतात की राहिलेलं लग्नानंतर पूर्ण करील. आरती काही बोलत नाही. जेवण कमी झालंय, पण लग्न जवळ आलं की मुलींचं तसं होतंच. अशा वेळी घरातल्या अक्षता उलट्या फिरवायच्या? सासूबाईंच्या कानावर गेलं तर त्या तुझ्यासकट मला उलटं टांगतील. माझा तुकडा काढून टाक. राग मानू नकोस.

मी रडताना दिसते का? तेवढं मात्र कळव.

तुझी,
आत्या

पुणे,
२७ नोव्हेंबर

ती. सौ. आत्या हिस,
शि. सा. न. वि. वि.

तुकडा काढला. फिल्म लंगडी झाली, हे तुझ्यापासून कशाला लपवू? सोबत पेनड्राइव्ह पाठवते. त्यात न कापलेली फिल्म आहे, फक्त तुझ्यासाठी. एकटी असताना बघ आणि पुसून टाक.

रडतेस, हो. अक्षता पडतात तेव्हा तू आजीकडे बघतेस आणि नवरदेव झालेले मामा कॅमेऱ्याकडे.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. पावण्यांचं ते म्हणणं ऐकून ते म्हणाले की साळूचं डी.एड.सुद्धा लग्नानंतरच व्हायचं होतं. मला हे माहीतच नव्हतं, आत्या. आरतीला एकदा विचार. लहान तोंडी मोठा घास होतोय, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

लोभ कमी करू नकोस.

तुझी,
स्नेहल

राजुरी,
११ डिसेंबर

चि. स्नेहल हिस,
अनेक आशीर्वाद.

एकटीने बघ म्हणालीस आणि सगळ्या गावाने बघायचं तेवढं राहिलं. रविवारी बस्त्याचं बोलायला पावणं आले होते. आमच्या भरतला ते आरतीच्या साखरपुड्याचं शूटिंग वाटलं. बहिणीचं कौतुक दाखवायचं म्हणून त्याने पेनड्राइव्ह टीव्हीला लावला.

हलगी सुरू झाली आणि अक्षता वर उडाल्या. नवऱ्यामुलाच्या चुलत्याने विचारलं की राव, टीव्ही बिघडलाय का. मी रिमोट शोधते तर तो सासूबाईंच्या मांडीखाली. त्या कसल्या उठतात? पडद्यावर मामंजी दिसले, तशी त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली गं.

मग मी जीपमधून उतरले आणि आईजवळ गेले. पुन्हा उतरले, पुन्हा गेले. दर वेळी आई माझ्या गालाला हात लावते. हे मी विसरलेच होते. पावण्यांसमोर मला रडू आवरलं नाही. तुझे मामा हळूच म्हणाले की येवडी रडत व्हतीस, मला दिसलंच न्हाई.

तेवढ्यात आरती उठून आत गेली. मी मागोमाग गेले आणि पहिल्यांदा तिला सरळ विचारलं. ती म्हणाली की लग्नाला ना नाही, पण आधी परीक्षा. मग मी बाहेर येऊन सांगितलं की लग्न परीक्षेनंतर. पावणं म्हणाले की राहिलेलं आम्ही पूर्ण करू की. मी म्हटलं की मलाही असंच सांगितलं होतं. बारावीचा निकाल लागला तेव्हा मी इथे भुईमूग उपटत होते. माझ्यामागून सासूबाई म्हणाल्या की तवा सबुद म्याच दिला व्हता, आन् पाळला न्हाई.

पावणं चहा घेऊन गेले. कळवतो म्हणालेत. जुळलं तर जुळलं, नाहीतर अक्षता अजून आमच्या मुठीतच आहेत. आरती परवा हॉस्टेलला गेली. जाताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तुझा तुकडा परत जोड आणि खुशाल दाखव. एकच सांगते. शेवटी मला आईजवळच उभी ठेव, जीप पुन्हा सुरू करू नकोस. मामांना विचारलं. ते म्हणाले की मी जीपमधी बसून ऱ्हातो, तिला सवडीनं येऊ दे.

आम्ही बघायला येतोय. सासूबाईंसाठी पुढची खुर्ची धर, त्यांना मामंजी जवळून बघायचेत.

तुझी,
आत्या