चढावरची तिसरी लेन

जामनेर, ८ जानेवारी २०२५

चि. भटूस अक्काचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

फोन केला की तू हूं हूं करतोस आणि लगेच बायकोच्या हातात देतोस, म्हणून हे पत्र. अंगणवाडीतून निवृत्त झाले तरी लिहायची खोड गेलेली नाही. गुडघे सोडले तर बठ्ठं बरं शे. तुझी सविताच म्हणाली, तू फार वाळलास. ढाब्यावरचं तिखट खाऊन दुसरं काय होणार!

सूनबाईनं, मृणालीनं, पेपरात वाचलं, तुमच्या डोंगरपाड्याच्या घाटात चढाला जड गाड्यांसाठी वेगळी तिसरी लेन झाली. वाचलं आणि पेपर तसाच टाकून उठली. दोन वर्षं आधी झाली असती, तर माझ्या राकेशला ट्रकच्या पुढे निघायची घाई करावी लागली नसती. गावात अजून म्हणतात, झुंबरबाईचा पोरगा मोटारसायकल बेफाम चालवायचा. मीही रागात मृणालीला बोलले, की तुझ्याच लाडानं तो तसा झाला. समाधान एवढंच, की मामाची गाडी मागून येत होती, तू त्याला उचललंस, तो परक्यांच्या हातात गेला नाही. मग तेव्हापासून इकडे का फिरकला नाहीस?

लोभ आहे तसा राहू दे, आणि उत्तर धाड.

तुझी अक्का


शिरपूर, १६ जानेवारी २०२५

ती. अक्कास भटूचा जय भीम.

परवा कापसाच्या गाठी भरून घाट चढलो. गाडी पहिल्या गिअरमध्ये डावीकडच्या नव्या लेनला घातली. मागच्या गाड्या बाजूनं निघून गेल्या. कुणी हॉर्न मारला नाही. माथ्यावर गाडी उभी केली आणि खूप रडलो.

अक्का, मी मागून येत नव्हतो. राकेशच्या पुढचा ट्रक माझाच होता. तुम्ही तसं समजलात, मी समजू दिलं. त्या दिवशी मागे रांग लागली होती, हॉर्नांनी डोकं उठलं होतं. वळण मोकळं वाटलं, म्हणून खिडकीतून हात काढून मागच्या मोटारसायकलला जा म्हणून खुणावलं. हेल्मेटमुळे मी ओळखलं नाही. त्यानं मात्र गाडी ओळखली असेल, मामानं हात दाखवला म्हणून निर्धास्त निघाला असेल. वरून जीप आली.

राकेश वेगात नव्हता. पोलिसांपुढे माझी जीभ उचलली नाही, तुझ्यापुढे तर नाहीच.

लोभ ठेव असं लिहायला मला तोंड नाही.

भटू


जामनेर, २५ जानेवारी २०२५

भटू,

तुझं पत्र मृणालीला वाचून दाखवलं. ती दोरीवरचे कपडे काढायला गेली, ओलेच घेऊन आली. मग म्हणाली, ते वेगात नव्हते एवढं तरी मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी तिचे पाय धरायला गेले, तिनं धरू दिले नाहीत.

हात दाखवलास, चुकलं. घाटात रोज कितीतरी जणांना दाखवत असशील. त्यासाठी मी तुला शिव्याशाप देणार नाही. पण मी माझ्याच मेलेल्या लेकाला दोन वर्षं दोष देत होते, आणि तू फोनवर ऐकून घेत होतास. हे माझ्या गळ्याखाली उतरत नाही. माफ केलं असं लिहिलं तर ते खोटं होईल.

दोन फेब्रुवारीला विहारात राकेशच्या आठवणीत पुण्यानुमोदन ठेवलं आहे. भावकी, शेजारपाजार, सगळे येतील. तू ये. सगळ्यांसमोर उभा राहा आणि त्याची चूक नव्हती एवढं सांग. त्यानंतर तुला घरी जेवायला चल म्हणेन की नाही, ते आज मला ठाऊक नाही.

राकेशची आई,
झुंबरबाई