तीन मिनिटांचा खासदार

१२ जानेवारी
नवी वही. खासदारांच्या आठवणी पुढे छापतात, तेव्हा ऐनवेळी धावपळ नको.

तसा मी अजून बदली खासदार. मतपत्रिकेवर वकील कोर्रालेससाहेबांचं नाव ठळक, त्याखाली बारीक अक्षरात एवारिस्तो वार्गास. ते रजेवर गेले की त्यांच्या खुर्चीत मी. अडीच वर्षांत त्यांनी एक दिवस रजा घेतलेली नाही. माणूस ठणठणीत. काय खातो कोण जाणे!

संकल्प: तोवर झेरॉक्सचं दुकान मन लावून चालवायचं.

२ फेब्रुवारी
कान्देलारियाचा सण. शेजारच्या दोन्या त्रान्सितोकडचे, मक्याच्या पिठाचे पानात उकडलेले तामालेस सात खाल्ले. रेडिओवर साहेबांची मुलाखत, त्यात दोनदा खोकले. बायकोला म्हटलं, ऐकलंस? कासिल्दा म्हणाली, लाज नाही वाटत?

वाटली. थोडी. मग शिंप्याकडे जाऊन काळ्या सुटाचं माप देऊन आलो.

३ मार्च
दोन्या त्रान्सितो दुकानात आली. सत्तरी उलटलीय, तरी अजून पहाटे उठून तामालेस विकते. दोन पावसाळ्यांपूर्वी आमचा पूल वाहून गेला. दवाखाना पलीकडे. गेल्या सप्टेंबरात तिची सून होडीची वाट बघत काठावरच बाळंत झाली. पोर जगलं, सून नाही.

म्हातारीनं घरोघर फिरून चारशे बारा सह्या नि अंगठे गोळा केलेत. कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "लेका, तू त्या सभागृहात गेलासच, तर एवढं एकच सांग."

म्हटलं, पूल झालाच म्हणून समजा. रडली बिचारी. मलाही भरून आलं.

९ एप्रिल, सकाळी ७
फोन! साहेब गव्हर्नरपदाला उभे राहायला रजेवर! गुरुवारी माझी शपथ, आणि लगेच तीन मिनिटं बोलायची संधी!!

सूट पोटाशी घट्ट. दोन दिवस तामालेस बंद.

१० एप्रिल
तामालेस तीनच खाल्ले. सकाळपासून दुकानात रीघ. महापौर, पाद्री, शिंपी, बँडमास्तर, सगळ्यांचं एकच: आमचं नाव घ्या. आमच्याकडची रीतच ती. हातात माइक आला की आधी मानकऱ्यांची नावं, हुद्द्यासकट. एक सुटलं की जन्माचा वैरी.

यादी एकतीसवर गेली. कासिल्दानं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून म्हणवून घेतलं. नुसती नावंच तीन मिनिटं. "आधी पूल सांग," म्हणाली, "नावं मागून घे." तिला कुठून कळणार? लोक म्हणतील, याला रीतभात नाही. शिवाय राजधानीत कोण घड्याळ बघत बसतंय!

दोन्या त्रान्सितोचं नाव यादीत नाही. तिनं मागितलंच नव्हतं.

११ एप्रिल, संध्याकाळी ५, राजधानीचा बस स्टँड
शपथ उत्तम झाली. आवाज खणखणीत. अध्यक्षांची परवानगी मागितली, मग नावं सुरू केली. एकही चुकलं नाही. चोविसाव्याला, म्हणजे बँडमास्तरला, घंटा वाजली. ती दुसऱ्या कुणासाठी असावी असं वाटलं. एकतिसावं संपवून म्हटलं, "आणि आता आमच्या नदीवरचा..."

माइक बंद.

पुढचं ओरडून सांगितलं. पहिल्या रांगेतला एक खासदार शेंगदाणे खात होता, त्यानं मान वर केली. म्हणजे ऐकलं असणार.

घड्याळ पुढे होतं, यात शंका नाही. एकंदरीत छाप चांगली पडली.

१२ एप्रिल
अख्ख्या गावानं टीव्हीवर पाहिलं. शिंपी मिठी मारून रडला. म्हणे, देशाच्या राजधानीत माझं नाव! बँडमास्तरनं दारात येऊन वाजवलं. घंटेत त्याचं नाव बुडालं हे त्याला सांगितलं नाही.

दोन्या त्रान्सितो दिसली नाही. गर्दी होती.

१६ एप्रिल
साहेबांना तिकीट मिळालं नाही. आज परत खुर्चीत. पाच दिवस झाले माझे.

पुलाचं मी पुढच्या वेळी मांडणारच होतो. कार्डं नवी छापून घेतली: माजी खासदार. कासिल्दानं एक उचलून पाहिलं, ठेवून दिलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

१८ एप्रिल
दोन्या त्रान्सितो आली. घड्याळाचं, माइकचं, सगळं जिभेवर तयार ठेवलं होतं. तिनं विचारलंच नाही. म्हणाली, "सूट छान बसला होता रे." मनापासून म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सह्यांच्या झेरॉक्स हव्या होत्या. उद्या होडीनं पलीकडे, मग बसनं राजधानीला, कोर्रालेससाहेबांच्या हातात देणार. एकटीच. मी येतो म्हटलं. म्हणाली, "कशाला? दुकान कोण बघेल?"

एकेक पान मशीनवर ठेवत होतो. शिंपी होता, पाद्री होता, कासिल्दा होती. चारशे बारांत मी नव्हतो. गावात सही न केलेला बहुतेक मी एकटाच.

"राहिलीच माझी," म्हटलं. तिनं कमरेचं पेन काढून दिलं. चारशे तेरा. नाव लिहिलं. पुढे रकाना होता: काय करता?

झेरॉक्स काढतो, असं लिहिलं.