जुन्या खाणीचं पाणी

बाबा,

आज सकाळी जुन्या खाणीच्या पाण्याची ओळ कंपनीच्या रोजच्या अहवालातून काढून टाकली, म्हणून मी लिहायला बसले आहे. दुसरं कारण नाही. तुम्ही गेल्यानंतर मी तुम्हाला कधी लिहिलं नाही, आणि तुम्ही असतानाही लिहिण्याची वेळ आली नव्हती. एका घरात राहणारी माणसं एकमेकांना पत्रं लिहीत नाहीत. पण ही ओळ तुमची होती. माझ्या जन्माआधी बंद पडलेली ती जुनी खाण, तिच्यात साठलेलं पाणी, आणि तिच्या नि आपल्या चालू खाणीच्या मधे दक्षिणेकडे उरलेली कोळशाची भिंत, एवढाच मामला. पाणी चढलं की त्या भिंतीवर जोर येतो, आणि भिंतीच्या अलीकडे माणसं कोळसा काढत असतात. तुम्ही पंप खलाशी. खाणीतलं पाणी उपसायचं आणि रोज सकाळी नाला ओलांडून जुन्या खाणीच्या तोंडाशी जायचं, शिशाचा गोळा बांधलेली दोरी खाली सोडायची आणि पाणी किती खोल लागलं ते येऊन सांगायचं, हे तुमचं काम. तळ्यावर जाळी टाकणाऱ्यांच्या घरातून तुम्ही खाणीत आलात, तरी शेवटी पाण्याशीच बांधलेले राहिलात, असं आई म्हणायची.

आईची चूल मला अजून दिसते. मी कॉलेजात आहे, चंद्रपूरहून सुट्टीला आले आहे, दाराशी पुस्तक घेऊन बसले आहे. तुम्ही पहिली पाळी करून आला आहात, पायांवर काळं पाणी सुकलेलं. आई बाहेर मासळी साफ करते आहे आणि तिथून ओरडते, "भात झाला का पाह्य वो!" मी पानावरून नजर न उचलता म्हणते, "झाला असन." तुम्ही पाय धुता धुता थांबता. "असन म्हंजे? झाकण काढलं का तू?" मी म्हणते, "नाही." "मंग तसं सांग ना. पाह्यलं नाई म्हनाव. त्यात लाज काऊन वाटते तुले?" आई हसून म्हणते, "पोरीले खाणीतच घेऊन जा बाप्पा, इथी घरात काऊन पंचाईत करता!" आणि तुम्ही तितक्याच गंभीरपणे म्हणता, "बायांले खाली जाऊ देत नाईत." भात करपला होता. तो तसाच सगळ्यांनी खाल्ला आणि त्यावर कोणी पुन्हा बोललं नाही.

संख्याशास्त्र घेऊन पास झाले आणि एरिया ऑफिसच्या अहवाल कक्षात लागले, तेव्हा तुमची नोकरी अजून शिल्लक होती. रोज सकाळी हातानं फिरवायच्या फोनवरून प्रत्येक खाणीचा अहवाल यायचा: कोळसा किती निघाला, वॅगन किती भरल्या, माणसं किती उतरली, पंप चालू की बंद, जुन्या खाणीचं पाणी कुठे. आपल्या खाणीचा पाण्याचा आकडा तुम्ही सांगायचात. घरी "तू", फोनवर "बाई". "लिवा बाई," म्हणून सुरुवात करायची आणि आकडा दोनदा सांगायचा. नाल्याला पूर आला की तुम्ही म्हणायचात, "पाह्यलं नाई." मी नवी होते. माझे साहेब म्हणाले, रिकामी जागा वर पाठवता येत नाही, कालचा आकडा लिही. मी तुम्हाला फोनवर विचारलं, "कालचा लिहू का?" तुम्ही म्हणालात, "माह्या नावानं खोटं पाणी लिवाचं नाई." आणि फोन ठेवलात. पंपघरातली माणसं ऐकत होती, ऑफिसातली ऐकत होती. मी "पाहिलं नाही" असंच लिहिलं आणि साहेबांना सांगितलं की बदलायचं तर तुमच्या हातानं बदला. त्यांनी बदललं नाही. संध्याकाळी घरी तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मला वाटतं, मी विचारलं तरी कसं, याचा तुम्हाला राग होता.

आपल्या खाणीची रीत अशी होती की न पाहिलेलं पाणी चढलेलंच धरायचं. लागोपाठ "पाहिलं नाही" आलं की दक्षिणेकडची माणसं वर काढायची. कोणत्या परिपत्रकात ती लिहिलेली नव्हती. जुन्या मॅनेजरांपासून चालत आली होती आणि नवा येणारा मॅनेजर ती कुरकुरत का होईना पाळत होता. एका पावसाळ्यात तुमच्या शब्दावर तो भाग बंद ठेवला, आणि पूर उतरल्यावर दोरी सोडली तर पाणी होतं तिथेच. किती हसले तुम्हाला लोक. "खलाशीभाऊले पान्याचं सपन पडते," म्हणायचे. बोनस बुडाला म्हणून शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईनं आईशी बोलणं टाकलं. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही पुन्हा तेच सांगितलं आणि पुन्हा माणसं वर आली. मला तेव्हा तुमचा हट्ट वाटला होता.

आता नवी पद्धत ऐका. दोन हजार साल उलटल्यावर मुख्यालयानं ठरवलं की सगळ्या खाणींचा अहवाल कॉम्प्युटरवर यायचा. सर्वात वरचे साहेब सकाळी चहा घेताना पडदा उघडतील आणि एकेका खाणीपुढे रंगीत गोल दिसेल: हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे थांबा. मी याच्या विरोधात नव्हते, हे तुम्हाला सांगायला हवं. जुन्या टाइप केलेल्या अहवालांत मी एकच वॅगन दोन खाणींच्या नावावर पाहिली आहे, बेरजा चुकलेल्या पाहिल्या आहेत, महिन्याचा अहवाल पुढचा महिना संपताना पोचलेला पाहिला आहे. नवं काम चोख होतं. फक्त त्यात रिकामी जागा चालत नव्हती. जागा रिकामी राहिली की सगळा अहवाल अडायचा, म्हणून त्यांनी सोय केली: आकडा भरला नाही तर कालचा आकडा आपोआप पुढे यावा. मी मीटिंगमध्ये उभी राहिले आणि म्हणाले, पाण्याला हे लावू नका, तिथे "पाहिलं नाही" असं एक उत्तर ठेवा. मुख्यालयाहून आलेले अधिकारी सभ्य गृहस्थ होते. हसून म्हणाले, "मॅडम, 'पाहिलं नाही' हा डेटा नाही. पुढच्या सुधारणेत बघू." आमचे हेडक्लार्क जेवताना म्हणाले, "बाई, जास्त बोलू नका, भामरागडले पाठवतीन." मी म्हणाले, तिथे कंपनीचं ऑफिसच नाही. "म्हनूनच पाठवतीन," ते म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

या पावसाळ्यात फोनचा अहवाल बंद झाला. खाणीवरच्या ऑफिसात एक ऑपरेटर बसतो, तो भरतो, माझ्या पडद्यावर दिसतं. पाऊस लागून होता. नाला दोन्ही थड्या भरून चालला होता, हे बसनं येणारं प्रत्येक माणूस सांगत होतं. आणि जुन्या खाणीच्या पाण्यापुढे रोज हिरवा गोल. मी आकडा पाहिला. आदल्या दिवशीचा पाहिला, त्याच्या आदल्या आठवड्याचा पाहिला. एकच. भर पावसाळ्यात साठलेलं पाणी तसूभर हलत नाही. माझ्या टेबलावरचा जुना फोन काढायचा राहिला होता. मी पंपघराला लावला. आता तिथे जे खलाशी आहेत ते तुमच्या हाताखाली होते, माजरीहून बदलून आलेले. त्यांचा आवाज तुम्ही ओळखाल. मी म्हणाले, "भाऊ, जुन्या खाणीचं पाणी कोण पाहून राहिलं?"

"कोनीच नाई बाई. नाला भरून आहे."

"मग आकडा कोण देतं?"

"आता तो कॉम्पुटरवर येते ना! ऑपरेटर म्हने, रोज येऊन राह्यला. मले वाटलं मशीन बसवली असन तिथी. मंग आमी काऊन जीव धोक्यात घालावा?"

मी फोन ठेवला. खाली त्यांना वाटत होतं पडदा मोजतो आहे. वर पडद्यावाल्यांना वाटत होतं खाली कोणी मोजतं आहे. आणि दक्षिणेकडे पाळी उतरलेली होती.

खाणीचे मॅनेजर वाईट माणूस नाहीत. नवे आहेत, कामसू आहेत. मी खाणीवर त्यांच्या खोलीत जाऊन सांगितलं की माणसं वर काढा. ते म्हणाले, "बाई, हिरवं असताना मी माणसं काढली तर वर काय सांगू?" मी रीत सांगितली. त्यांनी विचारलं, "कोणत्या कागदावर आहे?" मी म्हणाले, कागदावर नाही. "मग मी कशावर सही करू?" त्यांच्या खुर्चीमागच्या खिडकीतून पावसाचं पाणी आत येत होतं आणि कोणीतरी तिथे पोतं टाकून ठेवलं होतं. मी म्हणाले, सही करू नका, फोन करा. आणि तुम्ही फोन करेपर्यंत मी इथून उठणार नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, शेवटी फोन उचलला. खाली म्हणाले, एक पाळी बाहेर घ्या, पंप तपासायचा आहे. पाण्याचं नाव काढलं नाही.

मग मी आताच्या खलाशीभाऊंना घेऊन जुन्या खाणीकडे गेले. नाल्यातून वाट नव्हती, पण कोळशाच्या सायडिंगचा रेल्वेपूल आहे, तिथून लांबच्या वळणानं जाता येतं. मी खाणीखाली कधी गेले नाही बाबा, कायद्यानं जाताच येत नाही. पण जुन्या खाणीचं तोंड जमिनीवर आहे. भोवती तारेचं कुंपण, आत करंज माजलेला, आणि पावसाच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज, बारीक, घशातून आल्यासारखा. हवा पाण्यानं ढकलली जाऊन वर येते तेव्हा असा येतो, हे भाऊंनी नंतर सांगितलं. त्यांनी दोरी सोडली. दोरीचं बहुतेक वेटोळं अजून त्यांच्या खांद्यावरच होतं, तोच गोळा पाण्याला लागला. त्यांनी गोळा वर घेतला, पुन्हा सोडला. पुन्हा तिथेच. मला आकडा सांगायच्या आधी ते म्हणाले, "बाई, मांगं व्हा. कठड्याले टेकू नका." मी त्यांना विचारलं, इतकं कधी पाहिलं होतं का. "खलाशीभाऊ असताना नाई," ते म्हणाले. म्हणजे तुम्ही.

तो आकडा मी स्वतः भरला. गोल लाल झाला. दुपारच्या आत मुख्यालयाचा फोन आला, मॅनेजरांना, मग मला. किती पाणी आहे हे कोणी विचारलं नाही. लाल कोणी केलं, हे विचारलं. पुढचे दिवस दक्षिणेकडचा भाग बंदच राहिला, उपसा सुरू झाला, पण पाऊसही चालू आहे आणि पाणी उतरल्याचं भाऊ अजून सांगत नाहीत. आज सकाळी पडदा उघडला तर ती ओळच नव्हती. मी विचारलं. उत्तर आलं की बंद खाण कोळसा देत नाही, सबब तिचा उत्पादनाच्या अहवालात समावेश करण्याचं कारण नाही. आपल्या खाणीपुढे आता सगळे गोल हिरवे आहेत. त्याच टपालात माझी बदली होती: भांडार विभाग, आजपासूनच. मॅनेजर उद्यापासून रजेवर जात आहेत. त्यांच्या जागी येणारे साहेब या भागातले नाहीत. ते जे बघतील ते पडद्यावरच बघतील. मी मॅनेजरांकडे लेखी हुकूम मागायला गेले. ते म्हणाले, "माणसं बाहेर आहेत ना बाई? मग?" मी म्हणाले, तुम्ही आहात तोवर आहेत. त्यांनी दार ओढून घेतलं. भाऊंना फोन करून सांगितलं की रोज पुलावरून जा, पाणी बघा. ते म्हणाले, "जातो बाई. पन सांगू कोनाले?"

हे पत्र कुठे जाणार नाही. घरी कपाटात राहील, आणि माझ्यामागे जो कोणी ते कपाट आवरील तो टाकून देईल. तुम्ही असतात तर विचारलं असतं, पुढे काय केलं. तेवढं लिहिते.

आज दुपारी अहवाल कक्षाचा चार्ज दिला तो असा. कपाटाच्या किल्ल्या. कक्षाचे शिक्के. कॉम्प्युटरचा पासवर्ड, बंद पाकिटात. पंपघराला जोडलेला जुना टेलिफोन, चालू स्थितीत. तो काढू नये अशी तोंडी विनंती. खाणीचा दक्षिणेकडचा भाग बंद, मॅनेजरांच्या तोंडी हुकमानं. लेखी हुकूम मिळालेला नाही. जुन्या खाणीचं पाणी तोंडाजवळ. हे शेवटचं मी वेगळ्या कागदावर लिहिलं आणि घेणाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानं सही कुठे करायची तेवढं विचारलं. मी बोट ठेवून जागा दाखवली. त्यानं सही केली, आणि पेन परत घेताना बाबा, मला हलकं वाटलं.