माझ्या विश्रांतीत मुअत्तरच्या सुझानीचं काय झालं

नुरोता,
तुती पिकून अंगणात सडा पडलाय, ते दिवस

थोरल्या होसियत आपाला धाकट्या सनोबरचा वाकून सलाम.

तुझे गुडघे कसे आहेत? मेहुण्यांचं ब्लडप्रेशर उतरलं, की अजून फुटबॉल बघताना चढतंच आहे? तुझी मुअत्तर नीट जेवते ना? (लग्न ठरलं की मुली जेवणं सोडतात आणि मग लग्नाचा झगा अंगावर लोंबतो, हे तिला माझ्या नावाने सांग.) इकडे सगळे ठीक आहेत. शेळीसुद्धा ठीक आहे. मी तेवढी ठीक नाही. हे तुला ताश्कंदमध्ये आतापर्यंत चार जणींकडून कळलं असेलच, पण माझ्या तोंडून कळलेलं बरं, म्हणून लिहायला बसले.

आपा, मुअत्तरच्या लग्नाची सुझानी मी अजून रेखलेली नाही. खरबुजांचा हंगाम संपला की लग्न, आणि मावशीच्या हातची चादर कोरी. जन्मभर मी नुरोताच्या पोरींच्या लग्नाच्या चादरींवर फुलं-वेली रेखून दिल्या, बायकांनी त्या रेशमाने भरल्या, कधी अडलं नाही. कुणी सांगायचं डाळिंब, मी काढायचे डाळिंब. पण आपल्या घरातल्या शेवटच्या पोरीचं कापड समोर अंथरलं आणि हात चालेना. सगळा हिवाळा त्या मांजरपाटाकडे बघत काढला. पेन टेकवायचे आणि उचलायचे. जे फूल डोळ्यांसमोर यायचं ते आधीच कुणाच्या तरी मुलीला देऊन झालेलं. खरं सांगते, मला भीती वाटली. वाटलं, विहीर आटली. दुसरं मला काही येत नाही, हे तुला ठाऊक आहे (माझा पुलाव तू खाल्लेला आहेस).

मग दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, विश्रांती घ्या. हे ती ज्या कुणाचं ऐकून म्हणाली, त्याने आमच्या मोहल्ल्यात कधी विश्रांती घेतलेली नसावी. मी अंगणातल्या मोठ्या लाकडी बाजेवर गादी घालून पडले, तर दुपारपर्यंत सगळी गल्ली मला विश्रांती घेताना बघायला आली. सनोबर दिवसाउजेडी पडली आहे म्हणजे शेवटचंच काहीतरी असणार, अशा चेहऱ्याने. एकीने इसिरिकचा पाला जाळून माझ्याभोवती धूर फिरवला, मी खोकले, तर तिला वाटलं नजर निघाली. दुसरीने मेंढीच्या शेपटाच्या चरबीचा वाडगा आणला आणि मी तो संपवेपर्यंत उठली नाही. येणाऱ्या प्रत्येकीला चहा हवा, चहाबरोबर नान हवा, आणि सून ओयदिन एकटी पडते म्हणून आजाऱ्यानेच उठून तंदूर पेटवला. रेखायला बसायचे तेव्हा निदान कुणी आत तरी येत नसे.

शेवटी डोंगरातल्या ताजिखॉनकडे गेले. आपली मामेबहीण, एकटी राहते, ओढ्याकाठी अक्रोडाची झाडं, तिथे शांतता मिळेल. शांतता होती गं, पण ती फक्त झाडांना. नुरोताची पाहुणी आली म्हटल्यावर प्रत्येक घराने जेवायला बोलावलंच पाहिजे, आणि एका घरी गेलं की दुसऱ्या घरी न जाणं म्हणजे त्यांच्या सात पिढ्यांचा अपमान. वसंतभर रोज पुलाव, रोज मटणाचा शुर्पा, रोज "घ्या की, तुम्ही काहीच खाल्लं नाही". आणि चहाचा शेवटचा पेला झाला की यजमानीण हळूच उठून संदुकीतून कापड काढायची.

"सनोबर आपा, एवढंसं फूल काढून द्या ना. सुट्टीवरच आहात, नाहीतरी बसूनच आहात."

नाही कसं म्हणणार? पोटात त्यांचं मीठ. मी काढलं, आणि जे निघालं ती सरळ सरळ कोबी होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या बाईने कापड नवऱ्याला दाखवलं, जावांना दाखवलं आणि म्हणाली, "बघा, शहरात आता हे चाललंय." दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गावाला कोबीच पाहिजे. आज तिथे निम्म्या चादरींवर माझी कोबी आहे. त्या गावच्या मुली कोबीवर नांदतील आणि दोष मला येईल. मी ताजिखॉनला म्हटलं, माझं ब्लडप्रेशर वाढलंय, आणि पहिली मारश्रुत्का व्हॅन पकडून परत आले, मांडीवर अक्रोडांचं पोतं आणि पायाशी कुणाची तरी टर्की घेऊन.

आता ओयदिनचं ऐक. गुणाची पोर आहे, फक्त तिला रिकामं बसवत नाही. मी नसताना तिने माझी खोली झाडली आणि कपाटात मुअत्तरचं कापड घडी केलेलं बघितलं. आपली रीत तुला माहीत आहे. पट्ट्या कच्च्या टाक्यांनी जोडायच्या, त्यावर सलग रेखायचं, मग टाके उसवून पट्ट्या वेगवेगळ्या बायकांना भरायला द्यायच्या आणि शेवटी परत जोडायच्या. ओयदिनला वाटलं, सासूबाईंनी रेखून ठेवलंय, वाटायचं राहिलंय. घडी न उलगडता कडेचे टाके उसवले, एकेक पट्टी गुंडाळून रुमालात बांधली, रेशमासकट चार घरी पोहोचवली आणि पाचवी, नवरीच्या आईची म्हणून, तुझ्यासाठी ठेवली. मी दारात पाऊल टाकलं तशी धावत आली. "अहो आई, तुमचं एक ओझं मी हलकं केलं!"

कोऱ्या पट्ट्या, आपा! आणि चारही घरांत कुणी चकार शब्द काढला नाही. नवरीच्या कापडाला कोरं म्हणायचं नाही ना, अपशकुन. शिवाय सनोबरने काहीतरी विचार करूनच दिलं असेल, आपण अडाणी ठरू, ही भीती. मी धापा टाकत त्या चारांतल्या पहिल्या घरी, रोबिया खालाकडे गेले, तर म्हातारी सुईत दोरा ओवत होती.

"खाला, कशावर भरलंत हो? रेघ तरी होती का?"

"नव्हती. मला वाटलं, आता तू इतकी मोठी झालीस की न काढताच आम्ही समजायचं."

तिने समजून काय भरलं असेल? चहादाण्या. ओळीने, गलेलठ्ठ. खाटकाच्या मतलुबाने नजर लागू नये म्हणून सुऱ्या भरल्या आहेत, पण इतक्या की नवरदेव पहिल्याच रात्री दार शोधेल. शाळेतल्या बर्चिनोयने लाल मिरच्या भरल्या, फूटपट्टीने मोजून, सगळ्या एका उंचीच्या. ओयदिनच्या आईने नुसते चंद्र. आणि टाके सगळ्यांचे असे घट्ट आणि देखणे, की उसवायला सांगायची माझी जीभ रेटेना. मी बसले आणि रडले. ओयदिनला वाटलं, आनंदाने.

तेव्हा आपा, तुझ्या पाया पडून सांगते. माझी वाट बघू नका. ताश्कंदच्या बाजारात मशीनवर भरलेल्या चादरी मिळतात, चांगल्या असतात, धुतल्या जातात. मुअत्तरला एक घेऊन दे. मला राग येणार नाही. माझा हात संपला असं समज. मेहुण्यांना सलाम, मुअत्तरच्या कपाळाचा पापा.

तुझी थकलेली,
सनोबर

ता.क. हे पत्र आणि अक्रोड टॅक्सीवाल्या शुहरतबरोबर पाठवत होते, पण तो गाडी भरल्याशिवाय निघत नाही, आणि दिवस उलटले तरी गाडी भरत नाही, म्हणून थोडं अजून. पट्ट्या परत आल्या तशा शेजारी शेजारी अंथरून बघितल्या. मतलुबाची एक सुरी नेमकी खालाच्या चहादाणीच्या पोटात घुसत होती. लग्नाच्या चादरीवर असला प्रकार माझ्याने बघवेना. मध्ये एक पान काढलं, नुसतं आड यायला. पान अधांतरी दिसत होतं, म्हणून देठ. देठ पुढे मिरच्यांपर्यंत गेला. चादर बाजारातून घेऊ नकोस. घेतली असलीस तर परत कर.

दुसरा ता.क. पाचवी पट्टी अक्रोडांखाली आहे. तिच्यावरही रेखलंय. आधी कुणाला दिलेलं नाही असं काही. पाण्याला लावू नकोस, शाई पसरते. तुला टाका येत नाही हे मला माहीत आहे. तरी तूच भर.

तिसरा ता.क. आता खरं काम. हात परत आला हे जिवंत माणसाला सांगू नकोस, मुअत्तरलाही नाही. ओयदिनला आजच चिठ्ठी लिही, थोरली मावससासू म्हणून जरा दरडावून, की सनोबरला लग्नापर्यंत कुणी उठवायचं नाही. मी तिला सांगितलंय की मला अजून काहीच सुचत नाही. बिचारी चहा आणून ठेवते, हळूच दार ओढून घेते आणि गल्लीतल्या बायकांना फाटकातूनच परतवून लावते. आत मी रेखत बसते. कुणाच्या लग्नासाठी नाही, कुणाच्या मुलीसाठी नाही. आपा, लग्न होऊन या घरात आल्यापासून हे मला पहिल्यांदाच मिळतंय.