बंपरला अननस चिकटत नाही

श्री. साडूभाऊ यांस,

सप्रेम नमस्कार, आणि ताईंनाही. इकडे सगळे ठीक आहे. तिकडेही असावे, कारण काही बिघडले असते तर तुम्ही एव्हाना त्यावरचा उपाय आम्हालाच कळवला असता. गुडघा कसा आहे? (मागच्या पत्रात तुम्ही लिहिले होते, 'चढावर आवाज येतो, सपाटीवर काही त्रास नाही.' आम्ही दोन दिवस तुमच्या गाडीसाठी हळहळत होतो. ताईंचा फोन आला तेव्हा कळले की गाडी उत्तम आहे.)

पत्रास कारण की, माझा अपमान झाला आहे. एखाद्या माणसाने केला असता तर गिळला असता. इतक्या वर्षांची नोकरी आणि तेवढाच संसार यांनी ती सवय लावली आहे. पण हा अपमान आमच्या गाडीने केला. काल बाजारातून येताना एक मोठे कलिंगड घेतले. मागच्या सीटवर ठेवले तर ते प्रत्येक वळणावर गडगडू लागले, म्हणून ते पुढे, गाडी चालवणाऱ्या हिच्या शेजारी ठेवले आणि मी मागे बसलो. गाडीने लगेच टुंग-टुंग सुरू केले. पुढे कुणीतरी बसले आहे आणि त्याने पट्टा लावलेला नाही, अशी तिची तक्रार. शेवटी कलिंगडाला पट्टा बांधला. तेव्हा ती गप्प झाली. म्हणजे मी मागे अर्ध्या सीटवर, मांडीवर पालेभाजी घेऊन. आणि पुढे कलिंगड, सुरक्षित, आरामात, काचेतून बाहेरची मजा बघत. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईंनी आधी कलिंगडाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि आमच्या घरात कुणाला काय मान आहे ते त्यांना कळले. मागच्या सीटवर माणूस बिनपट्ट्याचा बसला तर ही गाडी चकार शब्द काढत नाही, हेही मी नमूद करून ठेवतो.

'आमची गाडी' हे शब्द वाचून तुम्ही चष्मा पुसला असेल. होय, गाडी घेतली. तुम्हाला न विचारता घेतली. आता तुम्ही रागावण्याआधी सगळी हकिकत नीट वाचा, कारण तिच्यात तुमचाच वाटा सर्वांत मोठा आहे.

तुमच्या मेहुणीला गावाबाहेरच्या नव्या प्रयोगशाळेत प्रमुखाची जागा देऊ केली होती, हे तुम्हाला ठाऊक आहे. इतकी वर्षे ती दुसऱ्यांच्या हाताखाली रक्त तपासत आली. अहवाल हिने करायचे आणि सही वरच्यांनी ठोकायची. आता सही हिची होणार होती. अडचण एकच. तिथे बस दिवसातून मोजून दोनदा जाते, आणि ती ज्या वेळी जाते त्या वेळी कुणालाच जायचे नसते. प्रयोगशाळेने स्पष्ट लिहिले की येण्याजाण्याची सोय तुमची तुम्ही करा आणि अमुक महिन्यापासून रुजू व्हा. हिने ड्रायव्हिंग स्कूल लावले, परवाना काढला. (पहिल्या परीक्षेत नापास. परीक्षक म्हणाले, आरशात बघत नाही. ही म्हणाली, घरातून निघताना बघून आले होते. दुसऱ्या वेळी पास.) गाडी तेवढी शोधायची राहिली, आणि ते काम मी माझ्या अंगावर घेतले. वर्तमानपत्रात माणसांच्या चुका काढून लिहिण्यात माझी हयात गेली. गाडीच्या चुका काढणे कितीसे कठीण असणार, असा माझा हिशेब.

नवी परवडत नव्हती, म्हणून जुनी बघायची ठरली, आणि जुनी गाडी घ्यायची म्हणजे चार शहाण्यांना विचारायला हवे. साडूभाऊ, हा आपल्या लोकांचा मोठा गुण आहे. मुलगी द्यायची तर दोघांना विचारतात, गाडी घ्यायची तर दोनशेंना. आमच्या ऑफिसातल्या हिशेब तपासनिसांनी सांगितले, पांढरी घ्या, उन्हात तापत नाही. जिन्यात भेटलेल्या गृहस्थांनी सांगितले, पांढरी घेऊ नका, मळते. (त्यांची स्वतःची गाडी पांढरी आहे आणि मळलेली आहे, त्यामुळे त्यांचे म्हणणे अनुभवाचे होते.) कुणी म्हणाले, डॉक्टरांनी वापरलेली बघा, ते जपून चालवतात. दुसऱ्याने विचारले, तातडीच्या पेशंटकडे जाताना डॉक्टर जपून चालवतो काय? एकाने शपथेवर सांगितले, फक्त बाईमाणसाने वापरलेली गाडी घ्यावी, ती कोरी असते. हे मी घरी येऊन मोठ्या उत्साहाने सांगितले. तुमची मेहुणी म्हणाली, "म्हणजे माझ्या हातात आली की तिची किंमत वाढणार. मग आणा लवकर." मी विषय बदलला.

आणि मग तुमचा फोन आला. तुम्ही तासभर बोललात आणि मी कॅलेंडराच्या कोऱ्या पाठीवर लिहून घेत होतो. सकाळी इंजिन गार असताना जा. बॉनेटवर तळहात ठेव; कोमट लागले तर विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवली आहे. ऑइलची काडी उपसून बघ. पायाखालची मॅट उचलून नाक लाव. कुबट वास आला तर गाडी पुरात बुडलेली. आणि सगळ्यांत शेवटी, आवाज खाली आणून, कानमंत्र द्यावा तसे सांगितलेत: खिशात चुंबक ठेव. ठोकलेल्या गाडीला पुट्टी भरून वर रंग मारतात. पत्र्याला चुंबक चिकटतो, पुट्टीला चिकटत नाही. जिथे चिकटला नाही, तिथून मागे फीर.

मी मागे फिरत राहिलो, साडूभाऊ. त्यातच आठ महिने गेले.

चुंबक म्हणून आमच्या फ्रिजवरचा अननस घेतला. (लाल पानांचा आहे, दुधाचे बिल धरून ठेवण्याचे काम करतो. त्या काळात आमच्या दुधाच्या बिलांचे काय झाले ते विचारू नका.) जुन्या गाड्यांच्या आवारात मी दर रविवारी सकाळी जात असे. बॉनेटला हात लावी, जणू तापलेल्या मुलाचे कपाळ. काडी उपसून रुमालाला पुशी. तीन रुमाल कायमचे गेले. गुडघ्यावर बसून मॅट हुंगे. आणि मग, तुम्ही पढवल्याप्रमाणे समोरून सुरुवात करून, अननस काढून गाडीच्या अगदी पुढच्या भागाला लावी. अननस खाली पडे. मी गंभीरपणे मान हलवी, अननस उचली आणि पुढच्या गाडीकडे जाई. एकही गाडी पास होईना. पहिल्या महिन्यात मला वाईट वाटले. तिसऱ्या महिन्यात वाटले की माणसे गाड्या फारच निष्काळजीपणे चालवतात. पाचव्या महिन्यात मी त्यावर एक लेख लिहिला: समाजात किती अपघात लपवले जातात आणि वरून रंग मारून कसे चकचकीत फिरतात. लेख गाजला. दोन वाचकांनी अभिनंदनाची पत्रे पाठवली. (त्यांच्याही गाड्यांना समोरून काही चिकटत नव्हते, असे त्यांनी स्वतः तपासून कळवले होते.)

इकडे प्रयोगशाळेने एकदा मुदत वाढवून दिली. दुसऱ्यांदा देणार नाही, असेही सांगितले. त्या रात्री जेवताना तुमची मेहुणी रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. ती शांतपणे म्हणाली, "या वेळी नाही म्हणावं लागलं, तर मी पुन्हा कुणाला हो म्हणायच्या फंदात पडणार नाही. सांगून ठेवते." आणि ताट उचलून आत गेली. साडूभाऊ, मला लोकांना टोचून बोलण्याची सवय आहे; पण हे बोलणे टोचले नाही, रुतून बसले.

पुढच्या रविवारी ती माझ्याबरोबर आवारात आली. मी नेहमीप्रमाणे एका निळ्या छोट्या गाडीसमोर बसलो होतो. (हिला मी त्याआधी तीनदा नापास केले होते, गाडीला, म्हणजे.) अननस पडला. मी मान हलवली.

"काय करताय?"

"तपासतोय. हिला अपघात झालेला आहे."

ती वाकली. बोटाच्या पेराने गाडीच्या तोंडावर टकटक केली. मग माझ्या डोक्याकडे बघितले, तिथेही टकटक करावी की काय अशा नजरेने.

"अहो, हा बंपर आहे. प्लॅस्टिकचा असतो."

"म्हणूनच तर म्हणतो, घ्यायला नको."

"सगळ्या गाड्यांचा प्लॅस्टिकचाच असतो!"

मग तिने माझ्या हातातला अननस घेतला आणि रांगेतल्या एकेका गाडीच्या बंपरला लावत गेली. टप्, टप्, टप्. सगळीकडे पडला. परत येताना दारांना लावत आली. सगळीकडे खट्‌कन चिकटला. आवाराचा मालक, नेहमी हसतमुख असलेला भला गृहस्थ, चहाचा कप हातात धरून हे बघत होता. मी त्याला विचारले, "तुम्ही मला इतके महिने का नाही सांगितलंत?" तो ओशाळून म्हणाला, "साहेब, मला वाटलं, तुमच्यात गाडी घेण्याआधी तिला अननस दाखवायची पद्धत असेल. कुणाच्या श्रद्धेबद्दल आपण कसं बोलायचं?"

आता मला सांगा, साडूभाऊ. चुंबकाबद्दल तुम्ही तासभर बोललात. बंपरबद्दल अवाक्षर काढले नाहीत. तुमचा सल्ला चुकीचा नव्हता, हे मी मान्य करतो. तो विहिरीच्या दोरासारखा होता. पाण्याच्या हातभर वर संपला.

पुढचे सगळे तिनेच केले. निळ्या गाडीत बसली, सीट पुढे ओढली, आरसे आपल्या डोळ्यांना लावून घेतले, आणि दोन गाड्यांच्या मधून ती गाडी अशी उलटी बाहेर काढली की मालकाचा चहा कपातल्या कपात राहिला. रस्त्यावर एक मोठी चक्कर मारली. मालक तिच्या शेजारी, मांडीवर अननस घेऊन. मी मागे. (माझी मागची सीट तेव्हाच ठरली, कलिंगडाला उगाच दोष दिला.) खड्डा आला की ती रेडिओ बंद करून कान देई, ब्रेक एकदा हळू, एकदा जोरात दाबून पाहिला, उतरल्यावर चारही टायर वाकून बघितले, पाचवा डिकीतला. मालक किमतीबद्दल काही बोलणार, तोच म्हणाली, "हे टायर बदलून द्या, आणि मग बोलू." त्याने बदलून दिले. सौदा तिथेच ठरला, आणि गाडी तीच चालवत घरी घेऊन आली.

सोमवारी ती एकटी निघाली. मी गॅलरीत उभा. फाटकाशी गाडी बंद पडली. मागचा गाडीवाला भोंगा वाजवू लागला. मी वरून त्याला हात करून थांबवायला गेलो आणि दोरीवरचा टॉवेल खाली पाडला, तो त्याच्याच काचेवर. (तेवढ्यात तिला लागणारा वेळ मिळाला. संसारात नवऱ्याची मदत ही अशीच, चुकून होते.) गाडी सुरू झाली, वळली, दिसेनाशी झाली. मी दिवसभर एकही वाकडी ओळ लिहू शकलो नाही. संध्याकाळी गाडी खाली येऊन उभी राहिली, दिवे विझले, पण ही वर येईना. घाबरून खाली गेलो. काच खाली करून म्हणाली, "काही नाही हो. रेडिओवर गाणं चालू होतं, ते संपेपर्यंत बसले." आणि मग, गाणे संपल्यावरही, आणखी थोडी बसली. मी दार उघडून आत बसलो. तिने सांगितले की आज पहिल्या अहवालावर सही केली, आणि सही करताना आपल्याच नावाचे स्पेलिंग दोनदा तपासले.

तिसऱ्या दिवशी खांबाला घासून डाव्या दारावर ओरखडा पडला. तिने सांगितले नाही, मी विचारले नाही. अननस आता तिथे असतो. दुधाची बिले कपाटात.

तेव्हा राग धरू नये. ताईंना नमस्कार, गुडघ्याला आराम.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. खरे काम लिहायचे राहूनच गेले. मला गाडी चालवता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आवाराच्या मालकाला मी आठ महिने कळू दिले नाही. आता शिकायचे आहे. कायम मागे बसायचे तर निदान हक्काने बसावे, येत नाही म्हणून नको. तुमच्या मेहुणीला विचारले. म्हणाली, नवऱ्याला शिकवण्यापेक्षा प्रयोगशाळेत उंदीर शिकवीन. तरी पुढच्या महिन्यात आठ दिवस तुमच्याकडे येऊ काय? शिकवण्याचे मात्र तुम्ही मनावर घेऊ नये. ताईंना विचारावे. त्यांच्याकडे शिकलेली एक विद्यार्थिनी मी पाहिली आहे.

आणखी ता. क. वरचे वाक्य दोनदा वाचले असेलच, म्हणून खुलासा. ही तुमच्याकडे सुट्टीत राहायला होती, तेव्हा तुम्ही ऑफिसच्या बसने गेलात की दोघी बहिणी तुमच्या गाडीचे कव्हर काढून मैदानावर जात, आणि तुम्ही यायच्या आत त्याच घड्या घालून परत चढवत. गाडी उलटी काढायला ही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकलेली नाही. क्लचचा जळका वास येतो म्हणून तुम्ही कंपनीला खरमरीत पत्र लिहिलेत, तो वास तिच्या उलट्या वळणांचा होता. (ताईंची परवानगी घेऊनच लिहितो. त्या म्हणाल्या, "लिहा, पण त्यांनी ते जेवण झाल्यावर उघडावं एवढं बघा.") गेल्या महिन्यात ताईंनी तुमची गाडी सर्व्हिसिंगला पाठवली होती, आठवते? त्यानंतर क्लच लोण्यासारखा झाला असे तुम्ही फोनवर म्हणालात, आणि त्याचे श्रेय आपल्या पायाच्या वळणाला दिलेत. गॅरेजवाल्याला बिलाचे काही विचारू नका, ते आमच्याकडे मिटले आहे. पाय तुमचाच आहे. प्लेट नवी आहे.