भिंतीपलीकडचा माग

६ जानेवारी, सोमवार
आरोही आज पण आमच्या अंगणवाडीच्या भिंतीला कान लावून. पलीकडे कापडाच्या यंत्रमागांचा कारखाना, दिवसभर खटखट. चार वर्षांची पोर, अजून एक शब्द नाही. हाका मारल्या, पाठीमागून टाळ्या वाजवल्या. ढिम्म. ऐकूच येत नसणार, असं मी ठरवूनही टाकलं होतं.
दुपारी लाईट गेली, माग थांबले. बाकीची पोरं खिचडीत दंग. ही मात्र भिंतीपासून लांब बसलेली, ताडकन उठली आणि धावत जाऊन भिंतीवर हात आपटून रडायला लागली.
म्हणजे ऐकू येतंय की! मग माझंच का नाही ऐकत?

८ जानेवारी, बुधवार
डोक्यातून जाईना. आज तिच्याशेजारी फतकल मारली. नाव घेतलं नाही, शिकवलं नाही. मागाच्या ठेक्यात भिंतीवर बोटं वाजवत राहिले. किती वेळ काहीच नाही. कंटाळून थांबले, तर तिनं माझा हात धरून परत भिंतीवर ठेवला. वाजव म्हणून!
घरी भाजी करपली. करपू दे.

११ जानेवारी, शनिवार
ट्रेनिंगच्या मॅडमना कौतुकानं सगळं सांगितलं. बरं झालं म्हणाल्या. मग विचारलं, हात धरताना तुमच्याकडे बघितलं का? नाही. तर म्हणाल्या, हाकेला वळत नाही, न बघता दुसऱ्याचा हात वापरते, हे ऑटिझमचं लक्षणही असू शकतं. या वयातच शिकवायला लागलं तर फार फरक पडतो. कोल्हापूरला दाखवा.
तोंड उतरलं माझं. पण तिनं मला बोलावलं, तेही खरंच ना? दोन्ही खरं असेल तर...

१५ जानेवारी, बुधवार
हळदीकुंकवाचं निमित्त करून आरोहीच्या घरी. आई कोल्हापूरला यायला तयार आहे, संतोष, म्हणजे बाप, अडून. "शिक्का बसला की बसला, बाई. उद्या लगीन कोन करणार तिचं?"
चार वर्षांच्या पोरीचं लग्न! राग आलेला, गिळला. हा त्याच कारखान्यात मागावर असतो. म्हटलं, तुमचा माग बंद पडला की ती रडते.
त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग, "माझा माग ऐकती व्हय?"
यायचं कबूल केलं नाही. नाहीही म्हणाला नाही.

२१ जानेवारी, मंगळवार
एसटी स्टँडवर आरोहीला कडेवर घेऊन संतोषच उभा. खाडा केलाय. आई पिशवी घेऊन मागं.
दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोनदा हाक मारली. आरोही खिडकीकडे. संतोषला राहवेना. त्यानं टेबलावर मागाचा ठेका धरला, मग लाजून थांबला. आरोहीनं न बघता त्याचा हात धरला आणि परत टेबलावर ठेवला.
"बघा, बाई, मला सांगती वाजव म्हणून," तो म्हणाला. डोळे भरलेले.
डॉक्टरीणबाईंनी काहीतरी लिहिलं. काय, ते मला दिसलं नाही. तो वाजवतच होता.